थोरले बाबा, नोंद क्रमांक सतरा

ज्या गावात ही सगळी हकिकत घडली त्याचं नाव मी लिहिणार नाही. चूक माझी होती, गावाची नव्हती. शिवाय नाव लिहिलं की लोक गाड्या काढून बघायला जातात आणि मोबाइल पुढे करून माणसांना प्रश्न विचारतात. ते परभणी जिल्ह्यात आहे, जिंतूर तालुक्यात, चारठाण्याहून आत वळल्यावर, एवढं पुरे. बाकी ठिकाणांची नावं खरी आहेत.

आधी मी कोण ते सांगते. मी पुण्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर बंगलोरला लेकाकडे राहून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसत बसण्यापेक्षा बरं, म्हणून एका संस्थेत जाऊ लागले. संस्था नफा कमवत नाही. जुनी शिल्पं, हस्तलिखितं, ओव्या असा वारसा जपायचा आणि त्या निमित्तानं परदेशातल्या माणसांची आपल्या माणसांशी गाठ घालून द्यायची, हे तिचं काम. पत्रकात त्याला ‘सांस्कृतिक संवाद’ म्हणतात. संवादाचं इतर लोक बघतात, माझ्याकडे याद्या असतात. यादी करायला मला आवडतं. घरचे म्हणतात की मी पाहुण्यांचीही यादी करते आणि ते जेवले की खूण करते.

या गावात शाळेच्या मागे पत्र्याची शेड घालून संस्थेनं गावभर विखुरलेले कोरीव दगड एका जागी आणले होते. कुणाच्या उकिरड्यावर, कुणाच्या बांधावर, कुणाच्या भिंतीला टेकलेले, असे बत्तीस दगड. जानेवारीत चार दिवस राहून नोंदी मी केल्या होत्या. एप्रिलमध्ये एका रविवारी शेडचं उद्घाटन ठरलं. त्यासाठी एस्टोनियाहून लीना नावाच्या बाई आल्या. त्या तिकडच्या एका खेड्यातलं छोटं संग्रहालय सांभाळतात. त्यांना बुधवारी परभणीला घेऊन जायचं आणि रविवारपर्यंत ऊन, तिखट आणि हारतुरे यांपासून वाचवायचं, ही जबाबदारी माझ्यावर आली.

परभणी, बुधवार

परभणीला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की स्टेशनवरची कुत्री सामानाच्या हातगाड्यांखाली जागा धरून पडली होती. लीनाबाई सहा फूट उंच, डोक्यावर गवती टोपी, बोलणं मोजकं. ऊन बघून त्या फक्त ‘ओ’ म्हणाल्या.

लॉजच्या मॅनेजरनं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि मला विचारलं, “म्याडम ज्वारीसाठी आल्यात का कापसासाठी?” परदेशी पाहुणा म्हणजे कृषी विद्यापीठाचा, असा त्याचा ठाम समज होता. मी म्हटलं, “दगडांसाठी.” “दगड लय हायेत आमच्याकडं,” तो म्हणाला, “न्या किती बी.” मग त्यांना भाऊ किती, शेती किती, पाणी विहिरीचं का कॅनॉलचं, हे सगळं त्यानं माझ्यामार्फत विचारून घेतलं. लीनाबाईंच्या वडिलांकडे बटाटे आणि राय नावाचं गव्हासारखं धान्य पिकायचं हे कळल्यावर त्यानं समाधानानं खोलीची किल्ली दिली. पुण्यात लॉजवाला आधी ओळखपत्र मागतो आणि बाकी काही विचारत नाही. मला पुण्याची पद्धत बरी वाटते, पण लीनाबाई खूश होत्या. घरून निघाल्यापासून आपल्या बटाट्यांबद्दल पहिल्यांदाच कुणी विचारलं, असं त्या म्हणाल्या.

दुपारी खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. मराठवाड्यात ते डब्यात भरून ठेवतात आणि पाहुणा आला की पाण्यात कालवून आमटी करतात. लीनाबाईंच्या हातून भाकरीचा तुकडा खाली पडला. त्यांनी तो उचलला, ओठांना लावला आणि ताटाच्या कडेला ठेवला. त्यांच्याकडे रायची काळी पाव-भाकरी असते. ती पडली तर तिचा मुका घेऊन माफी मागायची, अशी जुनी रीत आहे. आपल्याकडे अन्नाला पाय लागला तर हात लावून डोळ्यांना लावतात, हे मी सांगितलं. वाढणाऱ्या बाईंनी हे बघितलं होतं. त्यांनी न विचारता लीनाबाईंच्या ताटात तव्यावरची ताजी भाकरी टाकली. मला नाही मिळाली.

चारठाणा आणि पुढे, गुरुवार

सकाळी हमीदभाई जीप घेऊन आले. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, एक वाक्य मराठीत आणि एक दखनीत. जानेवारीत माझ्याबरोबर पुण्याचा ड्रायव्हर होता, जो काचा वर करून गाणी ऐकत होता.

चारठाण्यात जुनी देवळं पाहिली. तिथला उंच नक्षीदार खांब बघून लीनाबाई दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे सलग बोलत राहिले. एका देवळाच्या सावलीत म्हातारी माणसं बसली होती. त्यांनी आम्हाला बसायला पोतं दिलं, माझं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं आणि शेवटी एकानं विचारलं, “बाई, तुमच्या गुडघ्याला काय लावता?” मी उठताना कण्हले होते, ते त्यानं हेरलं होतं.

तिथून शेडच्या गावी गेलो. जानेवारीत मी पाहिलेली मागची आळी तेव्हा पूर्ण कुलूपबंद होती. ओळीनं पंधरा-वीस घरं, दारांना कुलपं, तुळशी वाळलेल्या. मी अहवालात त्यावर एक परिच्छेद लिहिला होता, ‘ओस पडत चाललेली आळी’ असा. संस्थेत सगळ्यांना तो फार आवडला. एकजण म्हणाले की डोळ्यात पाणी आलं.

आता त्या आळीत जीप शिरेना. शेळ्या, मोटारसायकली, वाळत घातलेल्या गोधड्या, कुठं तरी स्पीकर आणि प्रत्येक दारात माणसं. मी हमीदभाईंना विचारलं, “हे सगळे कुठून आले?”

“कुठून म्हणजे? इथलेच हैं मॅडम. ऊसतोडीवाले. दसरा झाला की जातात कारखान्यावर, आता लौटके आले. हर साल का है.”

बत्तिसातल्या किती नोंदी या आळीतल्या आहेत, ते मी मनात मोजत होते.

शेडपाशी एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, अंगानं काटक, हातात कुंकू लावलेली लग्नपत्रिका. सकाळपासून उभा आहे, असं शाळेच्या गुरुजींनी सांगितलं. नाव मुंजाजी.

“तुमीच का पुन्याच्या म्याडम?” मुंजाजी म्हणाले. “गुरुजी म्हनले तुमाला इचारा. आमचे थोरले बाबा हितं आलेत म्हनं.”

“कोण बाबा?”

त्यांनी जाळीतून आत बोट दाखवलं. “ते काय. गाईवाले.”

पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, आमच्या संग्रहातला सगळ्यात देखणा दगड उभा होता. वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. खाली गाई आणि त्यांच्यासाठी लढून पडलेला माणूस, मध्ये त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर हात जोडून पिंडीपुढे बसलेला तोच. कोरीव काम इतकं स्वच्छ की गाईंच्या गळ्यातल्या घंटा मोजता येतात. उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेवर आम्ही त्याचाच फोटो छापला होता.

मुंजाजींनी हातातली पत्रिका मला दाखवली. तिच्यावर सगळ्यात वर छापलं होतं, ‘श्री थोरले बाबा प्रसन्न’.

“पयली पत्रिका त्यांना आसती,” ते म्हणाले. “पोरीचं लगीन हाय, शीतलचं. शनिवारी हळद, आइतवारी लगीन. आमच्यात हळद आधी बाबाला लागती, मग पोरीला. बाबाला लागल्याबिगर पोरीला लावता येत न्हाई. मह्या बापाला तशीच लागली, मला बी तशीच.” मग जरा थांबून, “शनिवारपत्तुर घरी न्हेता येतील का?”

त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला कॉलेजातल्या तीस वर्षांत चांगलं जमलं आहे. हा माणूस माझ्याकडे परवानगी मागत होता.

मी शेडचं कुलूप काढलं. मुंजाजींनी चपला बाहेर काढल्या, आत जाऊन पत्रिका दगडापुढे ठेवली, डोकं टेकवलं. उठताना त्यांची नजर दगडाशेजारच्या, मी लिहिलेल्या पाटीवर गेली. शाळेतल्या मुलासारखं एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी मोठ्यानं वाचलं. “नोंद क्रमांक सतरा. वीरगळ. पूजा बंद. मालक नाही.”

मी पाटीपुढे येऊन उभी राहिले, पण वाचून झालं होतं.

“मालक न्हाई हे बरोबर हाय,” ते विचार करून म्हणाले. “बाबाचे मालक आमी कसे आसनार? पर पूजा कुनी बंद केली?”

मी काय सांगणार? जानेवारीत दगडावरचा शेंदूर पार वाळून पोपडे सुटले होते, पायाशी फूल नव्हतं, घराला कुलूप होतं. माझ्या धंद्यात याचा अर्थ ठरलेला आहे. भर दुपारची वेळ होती, आळीत विचारायला कुणी नव्हतं, आणि मला संध्याकाळपर्यंत अजून सहा दगड उरकायचे होते. संध्याकाळी परत येऊन विचारता आलं असतं. मी आले नाही. ग्रामपंचायतीचं संमतीपत्र सरसकट सगळ्या दगडांसाठी होतं, फेब्रुवारीत ट्रॅक्टर आला आणि दगड उचलला गेला.

मी हे सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले आणि मग जणू चूक त्यांचीच असावी तसे समजावू लागले. “सुंद्राबाई म्हून म्हातारी हुती शेजारी. आमी गेलो की ती रोज तांब्याभर पानी घालायची बाबाला. ती दिवाळीपासून पडून व्हती म्हनं, संक्रांतीला गेली. आमाला तिकडं फडात काय कळतंय.”

लीनाबाई मागे उभ्या होत्या. मी सगळ्याचं इंग्रजी करून सांगितलं, फक्त पाटीवरचं सोडून. त्यांनी पाटीकडे बोट करून विचारलं, “आणि यावर काय लिहिलंय?” मग तेही सांगावं लागलं.

संध्याकाळी मी पुण्याला संस्थेच्या संचालक अनघाताईंना फोन लावला. त्या वाईट नाहीत, फक्त घाईत असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एकदा संग्रहात नोंद झालेली वस्तू समितीच्या ठरावाशिवाय बाहेर जात नाही. समिती जूनमध्ये बसेल.”

“हळद शनिवारी आहे.”

“आणि आपलं उद्घाटन रविवारी. पत्रिकेवर फोटो त्याचाच आहे. शिवाय एक नोंद चुकली म्हटलं, तर बाकीच्या एकतीस नोंदींवर कोण विश्वास ठेवणार? त्या नोंदींवर सही तुमची आहे.” मग त्यांनी वाट काढली. “उसनवारीचा फॉर्म भरा. संग्रहालयं एकमेकांना वस्तू उसनी देतातच. शनिवारी सकाळी न्यायची, रविवारी सकाळी परत.”

माझा जीव भांड्यात पडला. दगड घरी जाणार, हळद लागणार, माझी यादीही शाबूत राहणार. त्या रात्री मला छान झोप लागली, हे कबूल करते.

येलदरी, शुक्रवार

शुक्रवार कार्यक्रमात ‘स्थानिक भेटी’ या नावाखाली मोकळा होता. हमीदभाई आम्हाला येलदरी धरणावर घेऊन गेले. पूर्णेचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं, काठावर जाळी वाळत टाकलेली. एका टपरीत ताजा मासा तळून देत होते. मी शाकाहारी, त्यामुळे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पाव खात बसले. लीनाबाईंनी दोन मासे काट्यांसकट इतक्या सफाईनं खाल्ले की टपरीवाल्यानं तिसरा आपणहून दिला. “इनके गाव में नदी होगी,” हमीदभाई म्हणाले. नदी नाही, समुद्र आहे, असं कळल्यावर त्यांनी लीनाबाईंकडे नव्या आदरानं पाहिलं.

मी लीनाबाईंना उसनवारीचा फॉर्म दाखवला. माझ्या हुशारीचं कौतुक होईल, अशी अपेक्षा होती. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि पाण्याकडे बघत बोलू लागल्या. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

“आमच्या संग्रहालयात एक पाळणा आहे,” त्या म्हणाल्या. “एका शेतघरातला. नोंदवहीत लिहिलंय, ‘मालक अज्ञात’. आमच्याकडे एक काळ परक्या राजवटीचा होता, तेव्हा अख्खी कुटुंबं आगगाडीत घालून दूर पाठवली गेली. घरं रिकामी राहिली. मग संग्रहालयवाले गेले आणि चांगल्या चांगल्या वस्तू आणल्या. पाळणा कुणाचा ते शेजाऱ्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. नोंद करणाऱ्यानं विचारलं नाही.”

“मग?”

“खूप वर्षांनी एक म्हातारी बाई आली. तिचा पाळणा होता. तिनं विचारलं, हात लावू का? मी तेव्हा नवीन होते. मी म्हटलं, हातमोजे घाला.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तिनं घातले. मला अजून त्याची लाज वाटते.”

मी म्हटलं की इथली गोष्ट वेगळी आहे, इथं कुणी कुणाला हाकललेलं नाही, लोक कामासाठी जातात आणि परत येतात. त्या म्हणाल्या, “हो, वेगळी आहे. तुमची माणसं परत आली आहेत.”

उन्हं कलल्यावर आम्ही मुंजाजींच्या घरी गेलो. मंडप टाकणं चालू होतं. दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, आणि भिंतीशी जमिनीत एक चौकोनी खळगा, जिथे दगड उभा असायचा. खळग्याच्या भोवती सारवून रांगोळी काढली होती. बाबा नसले तरी त्यांची जागा रिकामी का ठेवायची, म्हणून.

मुंजाजींची बायको गयाबाई पुढे आल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, हाताच्या तळव्यांना कोयत्याचे घट्टे. शीतल आतून चहा घेऊन आली, लाजली आणि लीनाबाईंची उंची बघून फसकन हसली. मी फॉर्म काढला आणि मुंजाजींना समजावून सांगितला. ते लगेच म्हणाले, “कुठं सही करायची?” त्यांनी वाचलासुद्धा नाही. माझ्या हातातलं पेन त्यांनी घेतलंही होतं.

“थांबा वं,” गयाबाई म्हणाल्या. “म्याडम, ह्यात काय लिवलंय ते मला सांगा आधी.”

मी सांगितलं की संस्था हा दगड एक दिवसासाठी तुम्हाला उसना देते आहे आणि तुम्ही रविवारी तो परत करणार आहात.

“आमी आमच्या बाबाला उसना आनायचा?”

“फक्त कागदावर तसं.”

“आन् आइतवारी लगनाच्या दिवशी, वऱ्हाड दारात आसताना, बाबाला उचलून द्यायचं?”

मी अनघाताईंचा मुद्दा पुढे केला. दगड फार जुना आहे, मोलाचा आहे, तुम्ही सहा महिने इथं नसता, ऊन-पावसात त्याची काळजी कोण घेणार.

गयाबाईंनी पदर खोचला. “आमी सहा महिने नसतो, म्हनून घर बी उचलून न्हेता का?”

मंडपवाले काम थांबवून बघू लागले. मुंजाजी “आगं, आगं” करत होते. “गप बसा तुमी,” त्या त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “म्याडम, तुमी शिकलेल्या बाई. तुमी घर बंद करून लेकाकडं गेलात दोन म्हैने, तर तुमच्या देव्हाऱ्यातला देव मी आनू का माह्या घरी? आन् मग तुमाला कागुद देऊ का, की घ्या बाई एक दिस उसना?”

मी खरोखरच दर पावसाळ्यात दोन महिने लेकाकडे बंगलोरला जाते, घराला कुलूप लावून. देव्हाऱ्यातले देव तसेच कोरडे असतात. त्यांना कुणी ‘पूजा बंद’ अशी पाटी लावली नाही. मला स्वतःचा राग आला. चूक केली त्याचा तर आलाच, पण ती चूक झाकायला मी या माणसाची सही घ्यायला निघाले होते, त्याचा जास्त आला.

मी मुंजाजींच्या हातून पेन काढून घेतलं आणि फॉर्म फाडला. मग पिशवीतली नोंदवही काढून अंगणातल्या बाजेवर बसले. सतरावी नोंद काढली. खाडाखोड करायला लागले तर लीनाबाईंनी माझा हात धरला. “गिरवू नका,” त्या म्हणाल्या. “एकच रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे की चूक झाली होती.”

मी ‘पूजा बंद, मालक नाही’ यावर एकच रेघ मारली. खाली लिहिलं, ‘नोंद चुकीची. चौकशी न करता मी केली. थोरले बाबा हे मुंजाजी आणि गयाबाई यांच्या घरचे. पूजा चालू. घरी परत.’ आणि सही केली. गयाबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. “काय लिवायलात ते मोठ्यानं वाचा,” म्हणाल्या. मी वाचलं. “हां,” त्या म्हणाल्या, “आता घ्या च्या. निवला आसंल, दुसरा टाकते.”

अनघाताईंना फोन करून काय केलं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “बाकीच्या एकतीस?” मी म्हटलं की मेमध्ये येऊन घरोघर विचारते, आता सगळे घरी आहेत. “आणि फोटो?” छापलेला फोटो आता परत घेता येत नाही, असं मी म्हटलं.

उद्घाटनाचं इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्ये यायला नको. रविवारी ते झालं. सतराव्या चौथऱ्यावर काही नव्हतं, पाटी मात्र होती, रेघ मारलेली. पुण्याहून आलेल्या दोन पाहुण्यांनी नापसंती दाखवली. लीनाबाईंनी भाषणात त्या रिकाम्या चौथऱ्याबद्दलच सांगितलं. मी भाषांतर केलं, माझ्या चुकीच्या वर्णनासकट, एकही शब्द न गाळता. अनघाताई अजून माझ्याशी जरा तुटकच वागतात.

हळद, शनिवार

सकाळी सातला दहा-बारा माणसं, दोर, बांबू आणि ट्रॅक्टरची ट्रॉली शेडपाशी हजर. शेडमधल्या दगडांसाठी लीनाबाईंनी एस्टोनियाहून खास फोमचा तुकडा आणला होता, तो त्यांनी ट्रॉलीत ठेवला. गयाबाईंनी तो दाबून बघितला, बाजूला ठेवला आणि ट्रॉलीत दोन गोधड्या अंथरल्या. एक जुनी आणि तिच्यावर रुखवताची एक नवी. लीनाबाईंनी दोन्ही गोधड्या हातानं चाचपल्या आणि आपला फोम घडी घालून पिशवीत टाकला. “हे जास्त चांगलं आहे,” त्या मला म्हणाल्या. मला वाटलं, सौजन्यानं म्हणताहेत. नंतर कळलं की त्यांनी गोधडीची टीप, थर, जाडी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

ट्रॉली आळीतून जाताना प्रत्येक दारातली बाई तांब्याभर पाणी चाकापुढे ओतत होती. माणसं बाबांची पाठ घराकडे होऊ देत नव्हती. वळणावर ट्रॅक्टर मागे घ्यावा लागला तेव्हा चार जणांनी मोठी आरडाओरड करून तो असा फिरवला की तोंड घराकडेच राहावं. एका ठिकाणी ट्रॉली गटारात कलंडते की काय असं झालं. हमीदभाईंनी जीप सोडून उडी मारली आणि खांदा लावला. त्यांचा धुवट सदरा चिखलानं भरला. “चलता है,” म्हणाले, “बुजुर्ग आदमी है.”

खळग्यात दगड नीट बसला. जणू मधले दोन महिने झालेच नव्हते. मुंजाजींनी आंघोळ घातली, तेल लावलं, शेंदूर लावला. फेब्रुवारीत माझ्या सांगण्यावरून पुसलेल्या गाईंच्या घंटा परत शेंदराखाली गेल्या. आधी मला याचं वाईट वाटलं असतं. गयाबाईंनी हळदीची वाटी आणली. बायका गाणं म्हणू लागल्या. शीतल पिवळी साडी नेसून दाराच्या आत उभी होती, कारण बाबांना हळद लागल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर यायचं नव्हतं.

गयाबाई वाटीत बोटं बुडवणार, तेवढ्यात मुंजाजींनी हात वर केला. गाणं थांबलं. त्यांनी मला बोलावलं, “म्याडम, या हिकडं.” मी गेले. मला वाटलं, नारळ-टॉवेल देऊन सत्कार करतात की काय. त्यांनी मला दगडापुढे आपल्या शेजारी उभं केलं, हात जोडले आणि दगडाशी बोलू लागले. घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं, साध्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“बाबा, ह्या पुन्याच्या म्याडम. ह्यांनीच तुमाला न्हेलं हुतं. घराला कुलूप दिसलं, त्यांना वाटलं कुनी न्हाई. आमी बी गावात कुनाला सांगून गेलो न्हाई, सुंद्राबाईच्या भरवशावर ऱ्हायलो. आमचं बी चुकलं. त्यांचं लेकराचं चुकलं म्हून पोटात घाला. पोरीचं शुभकार्य हाय. मनात राग ठिवू नका.”

मी त्रेसष्ट वर्षांची आहे. मुंजाजी माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. माफी मागायचं भाषण मी आदल्या संध्याकाळपासून जुळवून ठेवलं होतं, चांगल्या शब्दांत. त्यातला एकही शब्द आठवेना. माझी माफी तो माणूस मागून मोकळा झाला होता आणि वर त्यात आपलीही चूक घालून बसला होता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मी वाकले. गुडघ्यानं त्रास दिला, शेजारच्या बाईनं दंडाला धरलं. कपाळ दगडाला टेकवलं. दगड तेलानं थंड होता. “चुकले,” म्हटलं, आणि आणखी काही म्हणायचं राहिलं नाही.

उठले तेव्हा मुंजाजी दगडाकडे बघत क्षणभर थांबले होते, पलीकडून काही येतंय का ते ऐकत असल्यासारखे. मग त्यांनी टोपी नीट केली आणि बायकांकडे वळून म्हणाले, “झालं. ऐकलं त्यांनी. लावा हळद, आन् आना पोरीला भाईर.”